उजव्या हाताला सुट्टी

यशोधरा भिंगारदिवे तिसऱ्यांदा पडली तो रविवार होता, २६ नोव्हेंबर १९९५. त्याआधी ती १४ ऑक्टोबरला आणि ११ नोव्हेंबरला पडली. ते दोन्ही शनिवार होते. हे मी डायरी उघडून लिहिते आहे. नगरजवळच्या भिंगारच्या बाजारात तेव्हा लोक ठामपणे सांगत, की ही बाई शनिवारीच पडते आणि शिंगणापूरला जाऊन तेल वाहिल्याशिवाय हे थांबायचं नाही. तिसऱ्यांदा ती रविवारी पडली तेव्हा तेच लोक म्हणाले, साडेसाती काय वार बघते का?

यशोधराच्या कानावर हे आलं की ती म्हणायची, "आमच्या घरात शनी चालत नाही, मावशी. आणि तेल आहे ते मला चेनलाच पुरत नाही."

तिन्ही वेळा ती एकाच जागी पडली होती. पाथर्डी रस्त्यावरच्या चांदबीबी महालाला वर जायला वळणावळणाचा रस्ता आहे, पण मागच्या अंगाने गुरं उतरतात ती एक वाटही आहे, मुरमाची आणि सुट्या दगडांची. त्या वाटेच्या मध्यावर खडकाची एक वीतभर उंच पायरी लागते आणि पायरीखाली लगेच उभा उतार. तिथे पोचली की यशोधरा सायकलवरून पुढे फेकली जायची. बाजूला कलंडणं नाही, घसरणं नाही. थेट हँडलवरून पुढे.

मला याचं फार कुतूहल वाटलं. जी बाई काळ्या जुन्या सायकलीवरून बावीस वर्षांत एकदाही पडली नाही, ती परदेशी, हलक्या, खास डोंगरासाठी बनवलेल्या सायकलीवरून तीनदा का पडावी?

तिचं नाव मला कळलं त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या डायरीत तिचा उल्लेख आहे, "सात-चाळीसची घंटी" असा. आमचं घर कॅन्टोन्मेंटच्या रस्त्याला लागून. माझे यजमान लष्करी मुलांच्या शाळेत शिकवायचे; ते गेल्यावर मी तिथेच राहिले. १९८१ सालापासून रोज सकाळी सात चाळीसला एक मुलगी पुरुषी उंचीच्या काळ्या सायकलवरून कामावर जायची आणि आमच्या वळणावर दोनदा घंटी वाजवायची. मी घड्याळ तिच्यावर लावत असे. एकदा तीन दिवस घंटी वाजली नाही, तेव्हा चौथ्या दिवशी मी फाटकात उभी राहून तिला थांबवलं आणि विचारलं, आजारी होतीस का? तिचे वडील वारले होते. त्या दिवशी मी तिचं नाव विचारून घेतलं.

वडील सहादू भिंगारदिवे; यशोधरा त्यांना दादा म्हणायची. लष्कराच्या एका डेपोत डाक पोचवायचं काम करत. आयुष्यभर सायकलवर. मुलगी बारा वर्षांची झाल्यावर त्यांनी तिला त्याच सायकलवर बसवलं, पाय टेकत नव्हते तरी. पाथर्डी रस्त्याच्या एका उतारावर नेऊन त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली. यशोधरा ती त्यांच्याच आवाजात सांगायची: "उताराला लागलं की उजव्या हाताला सुट्टी!"

याचं कारण साधं होतं. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो आणि डाव्या हाताचा मागच्या. उतारावर पुढचं चाक एकदम धरलं की मागचं चाक उचलतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. सहादू तरुणपणी करंजी घाटात असेच गेले होते, डाकेच्या पिशवीसकट. पुढचा एक दात तिथेच राहिला. म्हणून घरातला नियम: उतारावर डावा हात ब्रेकवर, उजव्याची बोटं मोकळी. यशोधराला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की जिना उतरतानाही तिच्या उजव्या हाताची बोटं पसरलेली असायची. हे मी पाहिलेलं आहे.

दहावीनंतर तिने आयटीआयमध्ये ड्रॉइंगचा कोर्स केला आणि लष्कराच्या एका ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर म्हणून लागली. ट्रेसर म्हणजे काय, हेही मी तिला बसवून विचारलं होतं. साहेब लोक यंत्राचं ड्रॉइंग पेन्सिलीने काढतात. त्यावर पारदर्शक कापड अंथरून ट्रेसर प्रत्येक रेघ शाईने गिरवतो. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढले, ट्रेस केले, तपासले. चौदा वर्षं यशोधराची सही मधल्या चौकटीत होती.

"तपासले मध्ये कधी?" मी विचारलं होतं.

"तिथे साहेबाची सही लागते. साहेबाला एका रेघेतलं कळत नसलं तरी त्याचीच लागते."

आता त्या परदेशी सायकलीबद्दल. १९९५च्या जूनमध्ये तिच्या ऑफिसातल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली. परदेशातल्या नेमणुकीवरून येताना त्यांनी एक सायकल आणली होती; ती न्यायला त्यांच्या सामानात जागा नव्हती. यशोधराने ती घेतली. जाड, गाठीगाठींचे टायर, अठरा गियर, सरळ आडवं हँडल. काळ्या सायकलीला ब्रेकच्या लोखंडी सळ्या असतात. या सायकलीला सळ्या नव्हत्या, काळ्या नळ्यांत घातलेल्या वायरी होत्या. ब्रेकच्या दोन, गियरच्या दोन. चारही हँडलपुढे एका जुडग्यात बांधलेल्या आणि तिथून कुठे कुठे निघून जायच्या.

घेतल्याबरोबर तिने ती बाजारातल्या गोरक्षकडे नेली. गोरक्ष मूळचा पाथर्डीकडचा. पिठाच्या गिरणीला लागून त्याचं सायकलचं दुकान. भिंगारमध्ये त्याच्या हाताखालून गेली नाही अशी सायकल नसेल. पण या सायकलीला हात लावण्याआधी त्याने साबणाने हात धुतले, असं यशोधराने मला सांगितलं. त्याने तिला तेलपाणी केलं, चाकं फिरवून पाहिली, आणि म्हणाला, "सायबाची सायकल हाय ताई. हिच्यात काय खोट न्हाई निघायची."

त्याच वर्षी नगरच्या काही जणांनी शनिवार-रविवारची सायकल मंडळी जमवली होती. बँकेतला चेतन त्यांचा पुढारी. वय सव्वीस, डोक्याला क्रिकेटचं हेल्मेट, बोलणं भरभर. ते महालाच्या टेकडीवर चढायचे आणि मागच्या वाटेने उतरायचे. यशोधराशी त्यांची ओळख उलट्या रीतीने झाली. परदेशी सायकल येण्याआधीच्या एका सकाळी ते गियर बदलत, धापा टाकत चढत होते आणि ही त्यांच्या शेजारून काळ्या सायकलवरून घंटी वाजवत वर गेली. वर पोचल्यावर चेतनने तिला विचारलं, "ताई, तुम्हाला वाटेत कुठे उतरावं वाटलं नाही?"

"तुम्हीच सगळे आडवे होता. उतरायला जागा कुठे होती?"

तेव्हापासून ती त्यांच्यातली झाली.

मंडळी सकाळी परतताना माझ्याकडे चहाला थांबू लागली. मी त्यांना प्रश्न विचारी आणि ते गेल्यावर उत्तरं लिहून ठेवी. त्या पानांवरून मला आजही सांगता येईल की दगडाच्या वाटेवर टायरमध्ये हवा जरा कमी ठेवावी, म्हणजे टायर दगडाला धरतो, उडत नाही. फार कमी केली तर रिम दगडावर आपटून ट्यूब चिरते. उतरताना सीटवर बसायचं नाही. पायडल समपातळीत ठेवून उभं राहायचं आणि अंग सीटच्या मागे न्यायचं. आणि ज्या दगडावर जायचं नाही त्याच्याकडे बघायचं नाही, कारण डोळे जिथे जातात तिथेच सायकल जाते. हे शेवटचं मला फार आवडलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर शिवणकाम शिकवताना हेच सांगत: सुईकडे नको, पुढच्या टाक्याकडे बघ.

पहिल्यांदा पडल्यावर चेतन म्हणाला, सीट उंच आहे, त्यामुळे भार पुढे येतो. तिने सीट खाली केली. दुसऱ्यांदा पडल्यावर तो म्हणाला, टायर कडक आहेत. तिने हवा कमी केली. तिसऱ्यांदा पडल्यावर चेतनने स्वतःचं हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं. तिची हनुवटी फुटली होती आणि डावं मनगट सुजलं होतं.

"नेमकं काय होतं गं?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही, मावशी. पायरी येते. मी ब्रेक धरते, नेहमीसारखा, डावा. आणि मागून कुणीतरी सायकल उचलल्यासारखं होतं. पुढचं मला आठवतच नाही."

"आणि काळ्या सायकलवर?"

"काळी तिथून उतरवली आहे मी. जड जाते, खडखडते, पण उतरते. म्हणजे दोष माझ्यातच आहे. चांगल्या सायकलवर बसायची माझी लायकी नाही, इतकंच."

हे ती चिडून बोलली नाही, सरळ बोलली; म्हणून मला जास्त लागलं.

तोवर आणखी एक गोष्ट घडली होती. जानेवारीत भंडारदऱ्याजवळच्या डोंगरात सायकलींची स्पर्धा होणार होती. चेतनला एका ओळखीच्याची जीप मिळाली होती; तीत त्याच्याखेरीज दोन माणसं आणि त्यांच्या सायकली मावत होत्या. तो म्हणाला, सतरा डिसेंबरच्या रविवारी सगळ्यांनी मागच्या वाटेने उतरायचं. घड्याळ लावायचं नाही. ज्याचा पाय जमिनीला लागला तो गेला. जे पाय न टेकता खाली येतील त्यांच्यातून दोघं जातील.

आणि इकडे यशोधराच्या आईने, आक्काबाईंनी, तिला शब्द द्यायला लावला होता. त्यांचं बोलणं मी स्वतः ऐकलं, कारण त्या मला मध्यस्थ करायला घेऊन बसल्या होत्या.

"तुमीच सांगा बाई, चौतीस वर्साच्या बाईनं हनवटी फोडून घरी यायचं का? ह्यांचा दात गेला त्यो गेला. आता हिचं काय काय जायचं?"

"आई, दात एकच गेला होता."

"तू गप. अजून एकदा पडलीस ना, तर ती सायकल घरात ठेवायची न्हाई. इकून टाकायची. आन त्या काळीवर हापिसात जायचं, बास. डोंगर न्हाई न् फिंगर न्हाई."

यशोधरा थोडा वेळ मनगट दाबत बसली. मग म्हणाली, "बरं. अजून एकदा पडले तर विकीन."

ती शब्द मोडणारी नव्हती, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

१० डिसेंबरच्या रविवारी ती मंडळींबरोबर गेली नाही. मनगट अजून दुखत होतं. दुपारी ती सायकल घेऊन माझ्याकडे आली, नुसतीच. व्हरांड्यात सायकल उभी करून तिच्याकडे बघत बसली. बोलायला विषय नव्हता, म्हणून मी डायरी आणली आणि म्हटलं, "आठ दिवसांनी ही सायकल राहते की जाते कोण जाणे. मला हिचं नीट वर्णन लिहून घेऊ दे. प्रत्येक भागाचं नाव सांग."

ती हसली, पण सांगू लागली. मी लिहू लागले. हँडल, ब्रेकचे लिव्हर, गियरचे खटके, पुढचा काटा. मला अर्धवट लिहिलेलं चालत नाही. मी विचारलं, "या डाव्या लिव्हरची वायर कुठे जाते?"

"मागच्या ब्रेकला."

"कशी जाते? बोट फिरवून दाखव."

"अहो मावशी, जाते. त्या जुडग्यातून खाली, मग दांड्याखालून मागे."

"जुडग्यातून चार निघतात. मी कोणती लिहू?"

तिने डाव्या लिव्हरवर बोट ठेवलं आणि ऑफिसात रेघ गिरवावी तसं वायरीवरून सरकवत नेलं. जुडग्यापाशी आल्यावर तिने काळी टेप सोडली, म्हणजे मला नीट दिसावं. बोट पुढे सरकलं, खाली वळलं, आणि पुढच्या चाकाच्या ब्रेकवर येऊन थांबलं.

"चुकलं," ती म्हणाली. "दुसरी धरली मी."

ती परत लिव्हरपासून निघाली. या वेळी सावकाश, नख टेकवून. बोट परत पुढच्या चाकावर आलं.

तिने सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली. मागचं चाक हाताने जोरात फिरवलं आणि डावा ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. मग तिने उजवा दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

आम्ही दोघी त्या चाकाकडे बघत होतो. मी म्हटलं, "म्हणजे तू तीनही वेळा..."

"मी तीनही वेळा अगदी बरोबर उतरले," ती म्हणाली. "दादांनी शिकवलं तसंच. उजव्याला सुट्टी दिली आणि डाव्याने पुढचं चाक गच्च धरलं."

"पण एवढे महिने रस्त्यावर कळलं कसं नाही?"

"सपाट रस्त्याला दोन्ही एकदमच दाबते ना. उतारावर एकटा डावा, पण हलका; गच्च धरते ते पायरीवरच." मग ती स्वतःवरच चिडून म्हणाली, "चौदा वर्षं लोकांच्या रेघा गिरवते मी. घरातली चार वायरींची रेघ गिरवावीशी वाटली नाही!"

मी काही शोध लावला नव्हता. मला फक्त डायरीत चूक जाऊ द्यायची नव्हती.

आम्ही तशाच उठून गोरक्षच्या दुकानी गेलो. यशोधराने त्याला चाक फिरवून दाखवलं. गोरक्षने मान खाली घातली. मग म्हणाला, "ते हाय ठाऊक मला."

"ठाऊक आहे?"

"पयल्याच दिशी बगितलं हुतं. वायरी उलट्या हायत. पर म्हनलं सायबाची सायकल, फारीनची. तिकडं तसंच असंल. आपुन सरळ कराया गेलो आन बिघडली तर?"

"अरे गोरक्षदादा, मला सांगायचं तरी!"

"तुमी तर तितंच कामाला. तुमाला म्या काय सांगू? म्हनलं ताईंना ठाऊक असंल."

मला त्याच्यावर रागावता येईना. भिंगारमध्ये ही रीतच आहे. छावणीच्या गावात साहेबाकडून आलेली खुर्ची एका पायाने आखूड असली, तर लोक जमीन वाकडी आहे म्हणतात. गोरक्षने डोळ्यांनी पाहिलं आणि हात आवरला. यशोधराने पाहिलंच नाही, कारण साहेबाची वस्तू तपासायची असते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. परदेशात ब्रेक असेच असतील आणि त्या लोकांना तेच सोयीचं पडत असेल. त्या सायकलीचा काही दोष नव्हता.

गोरक्ष म्हणाला, "आदलाबदल करू का? धा मिंटाचं काम."

यशोधरा लगेच हो म्हणाली नाही. "का गं?" मी विचारलं.

"हात बदलता येईल का, असा विचार करत होते. चेतन म्हणेल, त्यांच्यासारखं शिका." तिने डाव्या हाताकडे पाहिलं. "आठ दिवस आहेत. बावीस वर्षांचा हात आठ दिवसांत नाही बदलायचा. वायर बदल."

दहा मिनिटांचं काम दोन तासांचं झालं. आदलाबदल केल्यावर मागची वायर अपुरी पडू लागली. हँडल वळवलं की ती ताणली जायची. तसली लांब वायर नगरमध्ये कुठे मिळणार? शेवटी गोरक्षने लुनाच्या ब्रेकची वायर काढली, तिच्या टोकाचं बोंड कानशीने घासून बारीक केलं आणि बसवली. या वेळी त्याने हात धुतले नव्हते. मी पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून पाहत होते.

आमच्या घराजवळ ओढ्याकडे जाणारा एक छोटा मातीचा उतार आहे. तिथे ती पहिल्यांदा उतरली. खाली तिने डावा ब्रेक एकट्याने दाबला. मागचं चाक थांबून घसरलं आणि मातीवर त्याची लांब रेघ उमटली. ती उतरून त्या रेघेजवळ बसली आणि बोटाने तिची रुंदी पाहू लागली.

"सरळ आलीय की नाही?" तिने विचारलं.

सरळ आली होती.

१७ डिसेंबरला सकाळी मी आणि आक्काबाई पाथर्डीच्या एसटीने महालाच्या पायथ्याशी उतरलो. मागची वाट जिथे सपाटीला मिळते तिथे एका दगडावर बसलो. वर अष्टकोनी महालाचा काळा दगड उन्हात आला होता. आक्काबाई पहिल्यांदाच तिथे येत होत्या. त्यांनी वाट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"इथनं? गुरंबी तिरपी उतरत असतील इथनं."

"तिरपीच उतरतात," मी म्हटलं.

"आन ही सरळ येनार?"

वायरीची गोष्ट यशोधराने आईला सांगितली होती, पण आक्काबाईंचा तिच्यावर फारसा विश्वास बसला नव्हता. "पडलेली मानसं सायकलीलाच नावं ठिवत्यात," असं त्या एसटीत मला म्हणाल्या होत्या.

वरून शिट्टी वाजली. पहिला उतरला त्याचा पाय पायरीच्या अलीकडेच टेकला. दुसरी माधुरी, कॉलेजात शिकणारी, ती पायरी उतरली, खाली आली, आणि आमच्यापर्यंत पोचून ओरडली, "नाही टेकला! काकू, नाही टेकला ना?" मी नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर दोघे आले. एक घसरला आणि दुसरा मधेच उतरून सायकल हातात धरून चालू लागला. वरचे लोक त्याला हसत होते.

मग यशोधरा निघाली. चेतनचं क्रिकेटचं हेल्मेट तिने घातलं होतं. वरचा भाग तिने सावकाश काढला, पायडलवर उभी राहून. सायकल तिच्याखाली डुलत होती आणि ती स्वतः जवळजवळ स्थिर होती. पायरीच्या वर दोन सायकलींच्या अंतरावर तिचं अंग मागे गेलं, सीटच्याही मागे. आक्काबाईंनी माझा दंड धरला.

खालून आम्हाला तिचे दोन्ही हात दिसत होते. डावी मूठ लिव्हरवर मिटलेली. उजव्या हाताचा अंगठा हँडलला आणि चारही बोटं सरळ, मोकळी, पसरलेली.

"अगं बया," आक्काबाई हळूच म्हणाल्या. "हे तर ह्यांचंच उतरनं हाय."

पुढचं चाक पायरीवरून खाली आलं, मग मागचं. मुरूम सुटला. मागचं चाक डावीकडे सरकलं आणि सायकल इतकी कलली की तिचा डावा पाय पायडलवरून निघाला. तो हवेत लोंबकळला. मी दगडावरून उठून उभी राहिले. पाय जमिनीपासून किती अंतरावर होता ते मला सांगता येणार नाही. मोजण्याइतकी मी शुद्धीवर नव्हते. मग तो परत पायडलवर गेला, सायकल सरळ झाली आणि ती आमच्या समोरून धूळ उडवत निघून गेली. थेट रस्त्यापर्यंत. तिथे जाऊन तिने दोनदा घंटी वाजवली. परदेशी सायकलीला घंटी नव्हती. काळीची काढून तिने आदल्या दिवशी हिला बसवली होती.

चेतन वरून धावत आला. "टेकला का? काकू, टेकला का?"

"न्हाई टेकला," माझ्याआधी आक्काबाई म्हणाल्या. "मी बगितलं. न्हाई टेकला."

"तुम्ही तिच्या आई ना?"

"म्हनून काय खोटं सांगू? मला तर ती इकायची हुती."

जीपमधून माधुरी आणि यशोधरा गेल्या. भंडारदऱ्याला एकतीस जणांत यशोधरा बारावी आली. परतल्यावर ती त्या बाराव्या नंबराबद्दल कमी आणि तिथे पाहिलेल्या सायकलींबद्दल जास्त बोलली. "मी तिथे प्रत्येकाला विचारलं, तुमचा पुढचा ब्रेक कोणत्या हाताला? मावशी, सात जणांना सांगता आलं नाही."

जानेवारीच्या अखेरीस तिने त्या सायकलीचं एक ड्रॉइंग काढलं, ऑफिससारखंच ट्रेसिंगच्या कापडावर, शाईने. पुढच्या ब्रेकची वायर अखंड रेघेने, मागच्या ब्रेकची तुटक रेघेने, आणि बाणाने दाखवलेले दोन्ही हात. खाली उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी. काढले आणि ट्रेस केले या दोन्हींत तिची सही होती. तिसरी रिकामी होती. मला वाटलं ती मला सही करायला सांगेल, म्हणून मी चष्मा शोधू लागले. पण ती ते गुंडाळून गोरक्षच्या दुकानी घेऊन गेली. मीही मागोमाग गेले.

"इथे सही कर," तिने त्याला सांगितलं.

"म्या? हितं तर काय तरी लिवलंय."

"तपासले."

"ते सायबाचं काम हाय ताई."

"तू पहिल्याच दिवशी तपासलं होतंस. नुसतं बोलला नाहीस."

गोरक्षने हात पुसले. ड्रॉइंग काचेच्या पेटीवर अंथरलं आणि डाव्या लिव्हरवर काळं बोट ठेवून वायरीवरून मागच्या चाकापर्यंत नेलं. मग उजव्यापासून पुढच्या चाकापर्यंत. ते झाल्यावरच त्याने पेन मागितलं. त्याची सही चौकटीत मावली नाही. 'क्ष' बाहेर गेला.

ते ड्रॉइंग त्याने भिंतीवर लावलं, पंपाच्या वर. पुढच्या पावसाळ्यानंतर एकदा मी गिरणीवर दळण घ्यायला गेले असताना, नवीन बदलून आलेले एक कॅप्टन आपली परदेशी सायकल घेऊन दुकानात आले. त्यांना नुसती हवा भरायची होती. गोरक्षने पंप हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"सायेब," त्याने विचारलं, "तुमचा म्होरला ब्रेक डावा का उजवा?"

साहेबांनी हँडलकडे पाहिलं. मग गोरक्षकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," गोरक्ष म्हणाला आणि त्याने सायकल उलटी केली.